जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घेताना काय तपासावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गिटार प्रत्यक्ष हातात घेऊन पाहता येत असेल, तर अनुभवी वादकाला तिच्यातील बहुतेक दोष थोड्या वेळात कळतात. ऑनलाइन व्यवहारात मात्र विक्रेत्याने दाखवलेली छायाचित्रे आणि त्याने लिहिलेले वर्णन एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. पुढील उत्तरे याच मर्यादेत राहून दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः फेंडर आणि गिब्सन या दोन कंपन्यांची आहेत, कारण सर्वाधिक मागणी, सर्वाधिक किमती आणि सर्वाधिक फसवणूकही त्यांच्याच गिटारींच्या बाबतीत आढळते.

‘व्हिंटेज’ म्हणजे नेमकी किती जुनी गिटार?

याची सर्वमान्य व्याख्या नाही आणि विक्रेते हा शब्द सढळपणे वापरतात. बाजारात वयापेक्षा कालखंडाला महत्त्व आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या फेंडर गिटारींना संग्राहक वेगळे स्थान देतात. गिब्सनच्या बाबतीत १९५०चे दशक आणि १९६०च्या दशकाची पहिली काही वर्षे हा सर्वांत मौल्यवान काळ समजला जातो. १९७०च्या दशकातील गिटारी एकेकाळी दुय्यम समजल्या जात. आता त्याही व्हिंटेज म्हणून विकल्या जातात. म्हणून जाहिरातीतील ‘व्हिंटेज’ या शब्दाला स्वतंत्र अर्थ देऊ नये. वर्ष, मॉडेल आणि मूळ भागांची स्थिती या तीन गोष्टी विचाराव्यात.

अनुक्रमांकावरून वर्ष कळत नाही का?

काही वेळा कळते, परंतु केवळ अनुक्रमांकावर विसंबून पैसे देणे हा या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका आहे.

फेंडरच्या बाबतीत १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत अनुक्रमांक नेक (गिटारीची मान) आणि बॉडी (धड) जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर असे. ही पट्टी काही स्क्रू काढले की सुटते आणि दुसऱ्या गिटारीला बसवता येते. शिवाय कारखान्यात पट्ट्या क्रमाने वापरल्या जात नसत, त्यामुळे लागोपाठच्या वर्षांचे क्रमांक एकमेकांत मिसळलेले आढळतात. १९७६ पासून क्रमांक हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर, जिथे तारा ताणून बांधतात) आला आणि त्याच्या सुरुवातीला दशक व वर्ष दाखवणारी खूण आली. ‘एस ७’ने सुरू होणारा क्रमांक १९७७ या वर्षाकडे निर्देश करतो, परंतु प्रत्यक्ष गिटार त्यानंतरही तयार झालेली असू शकते.

गिब्सनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९५०च्या दशकातील सॉलिड बॉडी (भरीव लाकडी धडाच्या) गिटारींवर हेडस्टॉकच्या मागे शाईने उमटवलेला क्रमांक असे आणि त्यातील पहिला आकडा वर्ष दाखवत असे. १९६१ पासून क्रमांक लाकडात ठोकले जाऊ लागले, पण पुढे तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले. त्यामुळे १९६०च्या दशकातील एकाच क्रमांकाच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारी खरोखर अस्तित्वात आहेत. १९७० ते १९७५ या काळातही हाच गोंधळ कायम राहिला, फक्त क्रमांकाखाली ‘मेड इन यूएसए’ असा ठसा आला. १९७५ ते १९७७ मधील क्रमांक चिकटवलेल्या छापावर असून ९९, ०० आणि ०६ हे त्यांचे आरंभीचे आकडे अनुक्रमे १९७५, १९७६ आणि १९७७ ही वर्षे दाखवतात. १९७७ पासून आठ आकडी पद्धत आली आणि तेव्हापासूनचे वाचन सोपे झाले: पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, तर दुसरा, तिसरा व चौथा मिळून वर्षातील दिवस. ८१२३०५६७ हा क्रमांक असेल, तर गिटारीवर १९८० सालच्या १२३व्या दिवशी क्रमांक टाकला गेला असा अर्थ होतो.

मग वर्ष कशावरून ठरवावे?

एका जुन्या गिटारीवर अनेक स्वतंत्र तारखा दडलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळतात का, हाच खरा प्रश्न असतो. अनुक्रमांक, नेकच्या टोकावरील तारीख, पॉटवरील संकेतांक, पिकअपच्या (तारांची कंपने विद्युत संकेतांत बदलणाऱ्या भागांच्या) तळावरील खुणा आणि त्या काळातील बांधणीची वैशिष्ट्ये हे पाच साक्षीदार आहेत असे समजावे. चौघे एक सांगत असतील आणि पाचवा वेगळे सांगत असेल, तर पाचवा भाग बहुधा नंतर बदललेला असतो. दोन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतील, तर ती अनेक गिटारींच्या भागांपासून जुळवलेली गिटार असण्याची शक्यता मोठी असते.

पॉटवरील संकेतांक सर्वांत उपयुक्त आहे. आवाज आणि टोन नियंत्रित करणाऱ्या पॉटच्या धातूच्या आवरणावर सहा किंवा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे उत्पादक सांगतात: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. त्यापुढे वर्ष आणि शेवटी आठवडा येतो. ३०४६३२० याचा अर्थ स्टॅकपोलने १९६३ सालच्या विसाव्या आठवड्यात तयार केलेला पॉट. सहा आकड्यांच्या संकेतांकात वर्षासाठी एकच आकडा असतो, त्यामुळे दशक इतर खुणांवरून ठरवावे लागते. या तारखेतून गिटार कोणत्या दिवसाआधी तयार झाली नसावी एवढेच कळते. ती नेमकी केव्हा तयार झाली हे कळत नाही. याचे उत्तम उदाहरण फेंडरचेच आहे. कंपनीने १९६६ मध्ये पॉटचा फार मोठा साठा घेतला होता, त्यामुळे १९६०च्या दशकाच्या अखेरच्या अनेक अस्सल गिटारींतही १९६६ चे पॉट सापडतात. याउलट १९६३ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारीत १९६६ चा पॉट निघाला आणि त्याचे सोल्डर मूळचे दिसत असेल, तर विक्रेत्याचा दावा तिथेच संपतो.

फेंडरच्या नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर सुरुवातीला पेन्सिलने आणि १९६२ पासून शिक्क्याने तारीख टाकली जात असे. शिक्क्याच्या सुरुवातीचा आकडा अनेक जण महिन्यातील दिवस समजतात. प्रत्यक्षात तो मॉडेलचा संकेतांक असतो. शेवटचे अक्षर नटची (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी दाखवते. ही तारीख नेक तयार झाल्याची असते, पूर्ण गिटार जोडल्याची नव्हे, म्हणून तिच्यात आणि पॉटमध्ये काही महिन्यांचे अंतर असणे स्वाभाविक आहे.

बांधणीतील वैशिष्ट्ये बनावट करणे अधिक कठीण असते. १९५४ मध्ये आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलचा मूळचा लहान हेडस्टॉक १९६५च्या उत्तरार्धात मोठा झाला. रोझवूडचा फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबण्याची नेकवरची पट्टी) या मॉडेलवर १९५९ मध्ये आला. १९६२च्या मध्यापर्यंत त्याची खालची बाजू सपाट आणि लाकूड जाड असे, त्यानंतर तो वक्र आणि पातळ झाला. १९७१ ते १९८१ या काळातील बहुतेक स्ट्रॅटोकास्टरचे नेक बॉडीला तीन स्क्रूंनी जोडलेले आहेत. पाच स्थानांचा पिकअप स्विच १९७७ मध्ये आला, त्याआधी तो तीन स्थानांचा होता. गिब्सनमध्ये १९६५च्या सुमारास नटची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरवर आली आणि त्याच सुमारास हेडस्टॉकचा मागे झुकलेला कोन १७ अंशांवरून १४ अंशांवर आला. १९७०च्या दशकातील नेकच्या मागे, हेडस्टॉकच्या मुळाशी, मजबुतीसाठी ठेवलेला उंचवटा दिसतो. १९५९ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलवर तो दिसला, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

विक्रेत्याकडून कोणती छायाचित्रे मागावीत?

जाहिरातीतील समोरून घेतलेले, मंद प्रकाशातील देखणे छायाचित्र जवळजवळ निरुपयोगी असते. पूर्ण गिटार पुढून व मागून, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी आणि कडेने, नेक आणि बॉडीचा जोड, प्रत्येक फ्रेट (फिंगरबोर्डवरील धातूची आडवी पट्टी) दिसेल अशी फिंगरबोर्डची जवळून घेतलेली छायाचित्रे, तसेच मागचे झाकण किंवा पिकगार्ड (बॉडीच्या पुढच्या बाजूची प्लॅस्टिकची संरक्षक पट्टी) काढून दाखवलेले आतील वायरिंग ही किमान मागणी आहे. मोठ्या किमतीच्या फेंडरसाठी नेक काढून टोकावरील तारखेचे आणि बॉडीतील खोबणीचे छायाचित्र मागणे रास्त आहे. काही प्रामाणिक विक्रेते स्वतः नेक काढायला कचरतात, त्यात वावगे नाही; अशा वेळी त्यांनी ते काम कारागिराकडून करून घ्यावे असे सुचवावे आणि त्याचा खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवावी.

त्याशिवाय एक छायाचित्र असे मागावे की ज्यात गिटारीशेजारी कागदावर खरेदीदाराने सांगितलेला शब्द आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली असेल. गिटार खरोखर विक्रेत्याच्या ताब्यात आहे हे त्यावरून कळते. जाहिरातीतील छायाचित्रांवरून इंटरनेटवर शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन ती एखाद्या जुन्या, पूर्ण झालेल्या विक्रीतून उचललेली नाहीत ना, हेही पाहावे. मागणीनंतर नवी छायाचित्रे न पाठवता विक्रेता केवळ आठवणी आणि किस्से सांगू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पूर्वीच्या प्रसिद्ध मालकाबद्दलच्या कागद नसलेल्या कथांना किंमत नसते.

रंग मूळचा आहे की नंतर दिलेला, हे दुरून ओळखता येते का?

पुष्कळ प्रमाणात येते, आणि ओळखायलाच हवे, कारण गिटार पुन्हा रंगवलेली असेल तर तिची किंमत मूळ रंगाच्या गिटारीच्या साधारण निम्मी धरण्याची व्यापाऱ्यांत प्रथा आहे. काम कितीही सुबक असले तरी त्याने फरक पडत नाही.

१९५० आणि १९६०च्या दशकांत मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरले जाई. ते वर्षानुवर्षे पातळ होत जाते, पिवळसर पडते आणि तापमानातील बदलांमुळे त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. पांढऱ्या गिटारी मलईच्या रंगाच्या होतात, निळ्या हिरवट दिसू लागतात. म्हणून पिकगार्डखालचा भाग पाहणे महत्त्वाचे ठरते: उजेड न पोहोचल्याने तिथला रंग अधिक ताजा आणि गडद दिसला पाहिजे. बाहेर आणि आत एकच छटा असेल, तर शंका घ्यावी. १९५८ नंतरच्या फेंडर सनबर्स्टमधील (मध्ये फिका आणि कडांकडे गडद होत जाणाऱ्या रंगातील) आणि १९५८ ते १९५९ च्या लेस पॉलवरील लाल रंग उजेडाने विटतो, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेव्हा साठ वर्षे वापरलेल्या गिटारीवर एकसारखा झळझळीत लाल रंग असण्यासाठी तिने ती वर्षे पेटीतच घालवलेली असावी लागतात. असे घडतेही, परंतु मग फ्रेटही तितकेच कोरे असायला हवेत.

फेंडरच्या बॉडीवर आणखी दोन खुणा असतात, ज्या मला सर्वाधिक विश्वासार्ह वाटतात. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रंग देताना आणि वाळवताना बॉडी टेकवण्यासाठी तिच्यात छोटे खिळे मारत आणि नंतर ते उपटून काढत. मूळ रंग असेल, तर पिकगार्डखाली दिसणाऱ्या या छिद्रांच्या आत रंग नसतो. पुन्हा रंगवलेल्या बॉडीत ती छिद्रे रंगाने भरलेली किंवा बुजवलेली असतात. तसेच १९६३च्या सुमारापासून नेकच्या खोबणीत बॉडी धरण्यासाठी दांडी स्क्रूने बसवून ती रंगवत, त्यामुळे खोबणीत त्या दांडीच्या आकाराचा रंग नसलेला पट्टा राहतो.

अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली घेतलेली छायाचित्रे विक्रेता देऊ शकत असेल, तर जरूर मागावीत. जुने लॅकर त्या प्रकाशात हिरवट पिवळे चमकते, तर नंतर मारलेला थर वेगळा, बहुधा गडद दिसतो. संपूर्ण गिटार सारखी चमकत असून नेकच्या मागचा एकच पट्टा काळवंडलेला असेल, तर तिथे दुरुस्ती झाली आहे असे समजावे.

हेडस्टॉक तुटून जोडलेला असेल तर गिटार घेऊ नये का?

गिब्सनच्या गिटारींत हे फार आढळते. हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, नेक महोगनीचा असतो, तंतू त्या जागी तिरके कापले जातात आणि शिवाय ट्रस रॉडचे (नेकचा बाक नियंत्रित करणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीचे) नट घट्ट करण्यासाठी नेमक्या त्याच ठिकाणी लाकूड पोखरलेले असते. गिटार स्टँडवरून पडली किंवा पेटीत असतानाच उलथी आदळली, तरी तिथेच मोडते. सरळ हेडस्टॉकमुळे फेंडरमध्ये हा दोष विरळ आहे.

छायाचित्रांत नटच्या मागच्या भागात तिरकी रेषा, तंतूंच्या दिशेतील तुटकपणा, रंगातील अचानक गडद झालेला भाग किंवा पहिल्या काही फ्रेटमागेच मारलेला अपारदर्शक काळा रंग दिसतो का, हे पाहावे. लॅकरच्या चिरा बहुधा लाकडाच्या तंतूंना आडव्या जातात. तुटीची रेषा तिरकी जाऊन कडेवरही दिसते. विक्रेत्याला थेट आणि लेखी विचारावे: “नेक किंवा हेडस्टॉकला कधीही तडा गेला, जोड दिला गेला किंवा रंग दिला गेला आहे का?” ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ या उत्तराला ‘नाही’ समजू नये.

केवळ वाजवण्यासाठी गिटार हवी असेल, तर चांगल्या कारागिराने जोडलेला हेडस्टॉक असलेली गिटार ही अतिशय शहाणपणाची खरेदी ठरू शकते, असे माझे मत आहे. स्वच्छ तुटलेला आणि नीट चिकटवलेला जोड दशकानुदशके टिकतो, आवाजात फरक पडत नाही आणि किंमत मात्र बरीच उतरते. फक्त विकताना आपल्यालाही तीच घट सोसावी लागेल, हे आधी मान्य केलेले असावे. दोनदा तुटलेला किंवा काही लाकूड हरवल्याने तुकडा बसवलेला हेडस्टॉक मात्र टाळावा.

नेक आणि फ्रेट यांची अवस्था दुरून कशी तपासावी?

मोजमापे मागावीत. बाराव्या फ्रेटवर दोन्ही टोकांच्या तारांची उंची, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता मध्यभागी राहणारे अंतर, आणि ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरतो का, एवढे विचारले तरी पुरेसे कळते. मधले अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास असणे चांगले. ट्रस रॉड पूर्ण घट्ट असूनही नेक पुढे वाकलेला असेल, तर दुरुस्ती खर्चिक होते. जुन्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचे नट नेकच्या बॉडीकडील टोकाला असते आणि ते फिरवण्यासाठी नेक सैल करावा लागतो. म्हणून तपासले नाही असे विक्रेत्याने सांगितले, तर ते बहाणा म्हणून घेऊ नये. मात्र त्या नटच्या खाचा झिजलेल्या आहेत का, हे छायाचित्रात पाहावे.

नेकला पीळ आहे का, हे पाहण्यासाठी हेडस्टॉककडून ब्रिजकडे (बॉडीवरील तारांच्या आधाराकडे) पाहत, नेकच्या कडेला समांतर कॅमेरा धरून घेतलेले छायाचित्र लागते. पीळ हा बाकापेक्षा गंभीर दोष आहे, कारण तो ट्रस रॉडने जात नाही.

फ्रेट झिजणे हा दोष नाही, तो वापर आहे. भरपूर वाजवलेल्या जुन्या गिटारीचे फ्रेट बदललेले असतील, तर संग्राहक थोडी किंमत कमी करतात, वादक मात्र खूश होतो. फ्रेट बदलताना फिंगरबोर्ड किती तासला गेला, हे अधिक महत्त्वाचे आहे: फिंगरबोर्डवरील ठिपके पातळ झालेले, रोझवूडचा थर कडेला उतरलेला किंवा बाइंडिंग (कडेची प्लॅस्टिकची पट्टी) कापलेले दिसले, तर काम बेफिकिरीने झाले आहे.

पिकअप मूळ आहेत हे कसे कळेल?

आधी सोल्डर पाहावे. जुना, न हलवलेला जोड मंद आणि करडा दिसतो. नवा चकचकीत असतो, त्याभोवती चिकट अवशेष आणि वितळलेल्या वायरच्या खुणा असतात. गिब्सनच्या जुन्या हंबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) वायर एकाच वाहकाची आणि वरून विणलेल्या धातूच्या जाळीची असते. प्लॅस्टिकच्या आवरणातली चार रंगांची वायर दिसली, तर तो पिकअप नंतरचा आहे.

सेथ लव्हर यांनी रचलेला गिब्सनचा हंबकर १९५७ मध्ये लेस पॉलवर आला आणि त्याच्या तळावर पेटंटसाठी अर्ज केल्याचे सांगणारा छोटा काळा छाप लावला जाई. १९६२च्या सुमारास त्याच्या जागी पेटंट क्रमांकाचा छाप आला. पहिल्या प्रकारच्या पिकअपची किंमत एवढी वाढली आहे की तो छापच बनावट विकला जातो. अस्सल गिटारीतून हे पिकअप काढून त्या जागी नवे बसवण्याचा उद्योगही चालतो, म्हणून धातूचे आवरण कधी उघडले गेले होते का, हे कडेच्या सोल्डरवरून पाहावे.

विक्रेत्याकडे मल्टिमीटर असेल, तर पिकअपचा विद्युत रोध मोजून मागावा. १९५० आणि १९६०च्या दशकांतील स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम आणि त्या काळातील गिब्सन हंबकर साधारण सात ते नऊ किलोओहम दाखवतात. केबलच्या जॅकमधून मोजले तर आकडा किंचित कमी येतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर आतली तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशी तार पुन्हा गुंडाळता येते, परंतु ती दुरुस्ती किमतीत धरलीच पाहिजे.

कोणते बदल खपवून घ्यावेत?

उलट फिरवता येतील ते. ट्युनर (तारा ताणणाऱ्या खुंट्या), नट, पॉट, स्विच, ब्रिजचे सॅडल (तार टेकण्याचे तुकडे) आणि नॉब बदललेले असणे फार गंभीर नाही, विशेषतः मूळ भाग पेटीत जपून ठेवलेले असतील तर. लाकूड कापणारे बदल मात्र परत फिरत नाहीत. १९७०च्या दशकात फेंडरच्या अनेक टेलिकास्टरांच्या नेकजवळ हंबकर बसवण्यासाठी बॉडी कोरली गेली, लेस पॉलच्या हेडस्टॉकवरील छिद्रे जाड ट्युनरसाठी मोठी केली गेली आणि व्हायब्रेटो (तारांचा ताण बदलून स्वर हलवणारी यंत्रणा) बसवून नंतर काढून टाकल्यावर वरच्या भागात बुजवलेली छिद्रे उरली. गिब्सनच्या जुन्या ईएस-३३५ गिटारींवर ‘कस्टम मेड’ असे लिहिलेली छोटी पट्टी दिसते. कारखान्यात बिग्सबी व्हायब्रेटो बसवताना तिच्याखाली नेहमीच्या टेलपीसची (तारांची टोके अडकवण्याच्या भागाची) छिद्रे झाकली जात, त्यामुळे ती पट्टी असणे हा दोष नाही.

पिकगार्ड आकसला आहे, ट्युनरच्या गुंड्या चुरा होत आहेत, हे साहजिक आहे का?

होय. त्या काळातील काही प्लॅस्टिके सेल्युलोज नायट्रेटची असत. ती आकसतात, कडांना वर वळतात आणि विघटन होताना बाहेर पडणाऱ्या वाफांनी जवळचे धातूचे भाग गंजवतात. फेंडरचे १९५९ नंतरचे हिरवट पांढरे पिकगार्ड, क्लूसन कंपनीच्या ट्युनरच्या हिरवट गुंड्या आणि ग्रेच कंपनीच्या गिटारींचे बाइंडिंग यांत हे नेहमी आढळते. अस्सलपणाचा तो एक पुरावा असला, तरी ग्रेचचे बाइंडिंग सुटू लागले की दुरुस्ती महाग पडते. पिकगार्डला स्क्रूजवळ तडा असेल, तर तो तसाच ठेवून गिटार घ्यावी. नवा बसवून जुना फेकणाऱ्या विक्रेत्याचे नुकसानच होते.

पूर्णपणे बनावट गिटार कशी ओळखावी?

हलक्या नकला सहज उघड्या पडतात. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, स्वस्त नकलांवर बहुतेक वेळा तीन दिसतात. हेडस्टॉकवरील नावाची अक्षरे, त्यांतील अंतर आणि वळणे यांची अस्सल नमुन्यांच्या छायाचित्रांशी तुलना केली, तर उरलेले काम होते.

खरी अडचण उत्तम नकलांची आहे. १९९५ पासून फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी विकायला सुरुवात केली आणि तसे काम करणारे अनेक कुशल कारागीरही आहेत. त्यांचा हेतू शुद्ध असतो, पुढच्या मालकाचा नेहमीच असतो असे नाही. अशा गिटारींत झीज जिथे हात, कोपर आणि पट्टा लागतो तिथेच न राहता सर्वत्र सारखी पसरलेली दिसते, स्क्रूंची डोकी मात्र कोरी असतात. दुसरा प्रकार म्हणजे १९५० च्या दशकातील अस्सल सोनेरी लेस पॉल घेऊन तिला सनबर्स्ट रंग आणि हंबकर देणे. तसे उघड सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. १९५८ ते १९६० ची मूळ सनबर्स्ट म्हणून विकले, तर ती मोठी फसवणूक आहे. त्या किमतीच्या व्यवहारात स्वतंत्र तज्ज्ञाचे लेखी मूल्यांकन नसेल, तर पुढे जाऊ नये.

‘लॉसूट’ (म्हणजे खटला) म्हणून विकल्या जाणाऱ्या जपानी गिटारी घ्याव्यात का?

गिटार चांगली असेल तर जरूर घ्यावी, शब्दासाठी जास्त पैसे देऊ नयेत. १९७७ मध्ये गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतील वितरक एल्गर कंपनीवर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा केला आणि तो तडजोडीने मिटला. त्या दाव्याशी इतर जपानी ब्रँडचा संबंध नव्हता, तरीही १९७०च्या दशकातील प्रत्येक जपानी नकलेला आज हे विशेषण लावले जाते. ग्रेको, टोकाई, बर्नी यांच्या उत्तम गिटारी त्यापेक्षा अधिक विचारपूर्वक पाहण्याजोग्या आहेत. आयबानेझच्या १९७५ नंतरच्या क्रमांकातील पहिले अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या फेंडर जपानच्या ‘जेव्ही’ क्रमांकाच्या गिटारींना वेगळी मागणी आहे.

किंमत योग्य आहे का, हे कसे ठरवावे?

मागितलेल्या किमती पाहू नयेत, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गिटारींच्या किमती पाहाव्यात. त्यातही तीच अवस्था असलेल्या गिटारींची तुलना करावी. बाजारभावापेक्षा खूप कमी किंमत आणि तातडीने पैसे भरण्याची घाई एकत्र आली, तर ती संधी नसते.

पैसे कसे द्यावेत?

खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच द्यावेत. मित्र किंवा नातेवाइकांना पाठवण्याच्या पर्यायातून पैसे दिले, तर त्यावर संरक्षण मिळत नाही. विक्रेता शुल्क वाचवण्यासाठी तोच पर्याय सुचवत असेल, तर शुल्क स्वतः भरावे. मोठ्या रकमेसाठी मध्यस्थाकडे पैसे ठेवून वस्तू मिळाल्यावर सोडण्याची व्यवस्था उत्तम. गिटार हाती आल्यावर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांची तपासणीची मुदत, त्यात परत करण्याच्या अटी आणि परतीचा खर्च कोणाचा, हे सर्व पैसे देण्यापूर्वी लेखी ठरवावे. जाहिरातीचे पान, छायाचित्रे आणि संपूर्ण पत्रव्यवहार जतन करून ठेवावा. विक्रीनंतर ती पाने अनेकदा नाहीशी होतात.

दुसऱ्या देशातून मागवताना लाकडावरून अडचण येते का?

येऊ शकते, आणि ती गंभीर असते. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिब्सन आणि फेंडर गिटारींचे फिंगरबोर्ड याच लाकडाचे आहेत. अशी गिटार विकून सीमेपलीकडे पाठवायची असेल, तर ती लाकडावर निर्बंध येण्यापूर्वीची आहे हे दाखवणारी कागदपत्रे आणि निर्यात करणाऱ्या देशाचे प्रमाणपत्र लागते. अनेक ठिकाणी आयात करणाऱ्या देशाची परवानगीही लागते. कागद नसतील, तर सीमाशुल्क विभाग गिटार जप्त करू शकतो. २०१७ मध्ये रोझवूडच्या इतर जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या होत्या, परंतु २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही. पॉट आणि नेकवरील तारखांची छायाचित्रे इथेही कामी येतात, कारण गिटारीचे वय सिद्ध करायला त्यांचाच आधार मिळतो. आयात शुल्क आणि कर किती लागेल, हे आपल्या देशाच्या नियमांनुसार आधीच तपासावे.

विक्रेत्याला पॅकिंगबद्दल काय सांगावे?

कडक पेटीत, तारा काही स्वर खाली उतरवून, पण पूर्ण सैल न करता. हेडस्टॉकखाली आणि वर मऊ आधार असावा, म्हणजे पेटी आपटली तरी हेडस्टॉक आत हिंदकळणार नाही. पेटी स्वतः खोक्यात हलता कामा नये. पेटीतील सुटे भाग, व्हायब्रेटोची दांडी, जड पट्टा हे वेगळे गुंडाळावेत, कारण प्रवासात लॅकरवर सर्वाधिक ओरखडे त्यांचेच उठतात. विमा पूर्ण किमतीचा घ्यावा आणि वाहतूक कंपनी जुन्या वाद्यांची भरपाई देते का, हे विचारून घ्यावे.

गिटार आल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

खोके उघडतानाचे चित्रण करावे, पण पेटी लगेच उघडू नये. थंड वातावरणातून आलेली गिटार उबदार खोलीत अचानक बाहेर काढली, तर जुन्या लॅकरला नव्या चिरा पडू शकतात. पेटी बंदच ठेवून काही तास, थंडी कडक असेल तर रात्रभर, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी, सर्व पिकअप स्विचच्या सर्व स्थानांवर ऐकावेत आणि जाहिरातीतील प्रत्येक विधान गिटारीशी ताडून पाहावे. पॉट फिरवताना खरखर होणे सामान्य आहे आणि बहुधा स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या दोन फवाऱ्यांनी जाते. त्यासाठी मूळ पॉट बदलू नयेत. तपासणीच्या मुदतीत गिटार कारागिराला दाखवून त्याच्याकडून आतील तारखांची छायाचित्रे काढून घ्यावीत. काही बदलावेच लागले, तर काढलेला प्रत्येक मूळ भाग, झिजलेल्या नटसह, पिशवीत घालून पेटीतच ठेवावा, कारण पुढचा खरेदीदार नेमके त्याचेच छायाचित्र मागणार आहे.